भूकंपानंतर वैद्यकीय पथकाबरोबर डॉक्टर नसलेली व्यक्ती गेली तर उपयोग होतो का?

तुम्ही लिहिलंय की तुम्ही सव्वीस वर्षांच्या आहात, अकाउंट्समध्ये नोकरी करता, इंजेक्शनसुद्धा देता येत नाही, आणि तरी कुठे मोठा भूकंप झाला तर डॉक्टरांबरोबर जावंसं वाटतं. गेलात तर उपयोग होईल की अडचण, असा प्रश्न आहे.

उपयोग होईल. अकाउंट्समध्ये आहात म्हणून जास्तच होईल. हे मी तुम्हाला बरं वाटावं म्हणून लिहीत नाहीये. २००१ साली मी तेवीस वर्षांची होते, बी.कॉम. झालेली, बडोद्यात रावपुऱ्यातल्या एका सहकारी बँकेत कारकून होते आणि गुजरातच्या भूकंपानंतर कच्छमधल्या भचाऊ गावी जाऊन आठ दिवस काम करून आले. त्यातून जे कळलं ते सांगते.

२६ जानेवारीला सकाळी ८ वाजून ४६ मिनिटांनी धरणी हलली. आमचं घर दांडिया बाजारात, जुन्या वाड्यात. कौलांतून माती गळायला लागली तशी आजीला दोघांनी उचलून आम्ही अंगणात आलो. बडोद्याचं त्या मानाने थोडक्यात निभावलं. दुपारपर्यंत अहमदाबादच्या पडलेल्या इमारतींच्या बातम्या आल्या, आणि कच्छचं खरं चित्र कळायला रात्र झाली. ७.७ तीव्रतेचा धक्का होता. गेलेल्या माणसांचा सरकारी आकडा १३,८०५ आहे, इतर नोंदी वीस हजारांपर्यंत जातात, आणि जखमी दीड लाखाच्या वर. त्यात भुजचं सिव्हिल हॉस्पिटलच कोसळलेलं. म्हणजे जिथे जखमींना न्यायचं ती जागाच राहिली नव्हती. १०८ची गाडी तेव्हा नव्हती, ती गुजरातेत २००७ मध्ये आली.

आमच्या समोरच्या वाड्यात हाडांचे डॉक्टर राहायचे, आम्ही त्यांना काका म्हणायचो. १९९३ ला किल्लारीला जाऊन आलेले. २७ तारखेला सकाळी ते आईला न्यायला आले, कारण आई निवृत्त सिस्टर. आईने पिशवी भरायला घेतली आणि काका माझ्याकडे बघून म्हणाले, "ताई, हिलाही घ्या. हिचं अक्षर चांगलं आहे." मला काही कळेना. माणसं ढिगाऱ्याखाली आहेत, तिथे अक्षराचं काय काम?

त्याच संध्याकाळी एक टेम्पो आणि एक जीप निघाली. कापूस, प्लास्टरची बँडेजं, सलाईन, थर्माकोलच्या खोक्यात बर्फावर ठेवलेली धनुर्वाताची इंजेक्शनं. विरमगाम, ध्रांगध्रा, हळवद, माळिया. पुढे सूरजबारीच्या पुलाला इजा झालेली, तिथे गाड्या थांबवून थोड्या थोड्या सोडत होते. २८ला सकाळी भचाऊला पोचलो. गावाबद्दल मी जास्त लिहीत नाही. रस्ता कुठला आणि घर कुठलं हे ओळखू येत नव्हतं, एवढंच.

रस्त्याकडेला एका मंडपवाल्याने आपला शामियाना उभा करून दिला होता, तोच आमचा दवाखाना झाला. पहिल्या तासातच माझं काम ठरलं. येणाऱ्या प्रत्येकाची चिठ्ठी करायची: नाव, गाव, अंदाजे वय, कुठे लागलंय, काय दिलं, किती वाजता दिलं, पुढे कुठे पाठवायचं. बँकेतली रद्दी व्हाउचरं मी बरोबर घेतली होती, त्यांच्या कोऱ्या बाजूवर लिहून सेफ्टी पिनने पांघरुणाला लावत होते.

दुपारी पाच जणांना एका ट्रकमधून पुढच्या छावणीत पाठवलं. जानेवारीतला कच्छचा वारा, उघडा ट्रक. वाटेत एक पोरगा काकडायला लागला तेव्हा कुणीतरी शेजारच्या बाईची एक घोंगडी काढून त्याच्यावर घातली. चिठ्ठी घोंगडीबरोबर गेली. पुढच्या छावणीत दहा वर्षांच्या मुलाच्या अंगावर "बाई, वय ५०, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं" असं वाचून तिथल्या सिस्टर थबकल्या, आमच्या माणसाला विचारलं, म्हणून निस्तरलं. मुलाला इंजेक्शन मिळालेलंच नव्हतं, त्याच्या पायाच्या जखमेत माती आणि शेणखत गेलेलं होतं. वय जवळपासचं असतं तर कुणाच्या लक्षात आलं नसतं. धनुर्वात लगेच दिसत नाही. तीन दिवसांपासून तीन आठवड्यांपर्यंत कधीही उठतो, आणि तोवर जखमी कुठल्या कुठे पोचलेला असतो.

चूक माझी होती. काकांना रात्री सांगितलं तेव्हा ते ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "कागद माणसाला बांध, पांघरुणाला नको." तेव्हापासून चिठ्ठी सलाईनच्या रिकाम्या प्लास्टिक पिशवीत घालून, न दुखावलेल्या मनगटाला बँडेजच्या पट्टीने बांधायची. आणि इंजेक्शन दिलं की मार्करने दंडावर तेवढं लिहायचं, तारीख आणि वेळ घालून. कागद हरवला तरी दंड हरवत नाही.

दुसरी गोष्ट बाटलीची. ती जरा सविस्तर सांगते, कारण मदतीला गेलेल्या धडधाकट माणसांच्या हातून नकळत इथेच जीव जातो.

२८च्या दुपारी आम्हाला बोलावणं आलं. चाळिशीतला एक माणूस, मांडीपासून खाली पाय स्लॅबखाली, पन्नास तासांहून जास्त वेळ. शुद्धीवर होता, बोलत होता. पोरांनी ट्रकचा जॅक लावला होता आणि आता ओढायचंच, अशी सगळ्यांची घाई. काका ओरडले, "थांबा! आधी सलाईन." लोक चिडले. माणूस दोन दिवस अडकलाय आणि हे बाटल्या लावत बसलेत! पण कारण असं, की इतका वेळ चेंगरलेला स्नायू आतून मरत असतो. वजन उचललं की त्यातलं पोटॅशियम आणि स्नायूचं लाल द्रव्य एकदम रक्तात सुटतं. पोटॅशियमने हृदय बंद पडू शकतं, त्या द्रव्याने मूत्रपिंडं तुंबतात. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बॉम्ब पडत होते तेव्हा बायवॉटर्स नावाच्या डॉक्टरने १९४१ साली हे नीट मांडलं होतं. ढिगाऱ्यातून हसत बाहेर आलेला माणूस काही तासांत का जातो, याचं उत्तर यात आहे. म्हणून वजन उचलायच्या आधी शिरेतून सलाईन सुरू करायचं, आणि तेही साधं, ज्यात पोटॅशियम नाही असं.

त्याला बाहेर काढल्यावर गर्दीतून कुणी मायेने मदतीच्या गाडीतली केळी पुढे केली. काकांनी ती हातातून काढून घेतली. केळ्यात, फळांच्या रसात, नारळपाण्यात पोटॅशियम असतं. तुम्ही कधी गेलात तर हे एवढं पक्कं लक्षात ठेवा.

मग रात्रभर माझी ड्यूटी. आईने नळी घातली होती, आणि दर तासाला लघवी किती झाली ते मोजायचं होतं. मोजायचं भांडं आमच्याकडे नव्हतंच. आईने प्यायच्या पाण्याची रिकामी बाटली घेतली, ५० मिलीच्या सिरिंजने दोनदा पाणी ओतून मला रेघ मारायला सांगितली, पुन्हा दोनदा, पुन्हा रेघ. असं बाटलीवर माप तयार झालं. मी वहीत तीन रकाने आखले: वेळ, किती, रंग. पहिल्या नोंदीत रंग "कोऱ्या चहासारखा" लिहिलाय. पुढे दोन तास "तसाच". कंदिलाच्या उजेडात रंग नीट कळत नाही म्हणून पांढऱ्या पट्टीसमोर धरून बघायचे. प्रमाण घटलं की काकांना उठवायचं, ते सलाईनचा वेग बदलायचे. मधे दोनदा जमीन हलली, शामियान्याचे बांबू करकरले, बाहेर बायका रडायला लागल्या. पहाटे साडेचारच्या नोंदीत मी लिहिलंय: "फिका, पातळ चहा." सकाळी लष्कराच्या गाडीतून त्याला राजकोटच्या बाजूला पाठवलं, तेव्हा काकांनी ते पानच फाडून त्याच्या मनगटाच्या पिशवीत घातलं. पुढच्या डॉक्टरांना त्या रात्रीचा हिशेब त्यातूनच कळणार होता.

सांगा, यात मला वैद्यकीय काय येत होतं? रकाने आखता येत होते, न झोपता जागेवर बसता येत होतं.

बायकांच्या बाजूला मात्र निव्वळ लिहिणं पुरत नव्हतं. पुरुष स्वयंसेवक बरेच आले होते, बायका फार थोड्या. मार खुब्याला असला की घागरा सैल करावा लागतो, बाई पुरुषाला हात लावू देत नाही आणि दुखणं तसंच दाबून ठेवते. चादर धरून आडोसा करायला मी उभी राहायचे. गुजराती आम्हा बडोदेकरांना घरच्यासारखी, पण म्हाताऱ्या बायका कच्छी बोलायच्या आणि अर्धं डोक्यावरून जायचं. "पाणी" हा शब्द मात्र तिन्ही भाषांत एकच, त्यावरून सुरुवात व्हायची.

सगळ्यात अवघड गेलं ते बांगड्यांचं. हात मोडला की सुजतो, आणि सूज वाढली की बांगडी रुतून बोटांचा रक्तपुरवठा तोडते. पायातल्या चांदीच्या कड्यांचंही तेच. पकडीने कापावं लागायचं. नवरा कुठे आहे माहीत नाही आणि आम्ही बांगडी कापायला निघालोय, म्हणजे त्या बाईला काय वाटत असेल! एकीने मूठ घट्ट आवळून धरली. आई तिच्याशेजारी जमिनीवर बसली, आपल्या हातातल्या दोन बांगड्या काढून बाजूला ठेवल्या आणि मग तिचा हात मांडीवर घेतला. कापलेला एकेक तुकडा मी तिच्या डोळ्यांदेखत रुमालात बांधला, रुमालावर तिचं नाव घातलं, वहीत वजन नाही पण नग लिहिले आणि तिचा अंगठा घेतला. बातमी पसरली असावी, कारण नंतर कुणी फारसं अडवलं नाही. तुमच्या नोकरीतली पावती म्हणतात ती हीच.

मलमपट्टीचं थोडक्यात. शल्यविशारद तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून बरेच येतात, जखमा धुवायला हात कमी पडतात. जखम उकळलेल्या पाण्याने, सलाईनने धुवायची, खूप धुवायची. हे शिकवलं की कुणालाही येतं. मळलेली जखम लगेच शिवायची नसते, आत घाण कोंडते. उघडी ठेवून चार-पाच दिवसांनी डॉक्टर बघून शिवतात. लोक म्हणायचे, आमच्याकडे लक्ष नाही, टाका पण घातला नाही. ते दहा-दहा वेळा न कंटाळता समजावून सांगणं हेही स्वयंसेवकाचंच काम. तसंच सुजलेल्या पायाला पूर्ण गोल प्लास्टर न घालता आधी फक्त मागच्या बाजूने प्लास्टरची पट्टी का घालतात, तेही.

आता अडचण कोणाची होते ते सांगते. पथकाशिवाय एकट्याने गाडी करून येणाऱ्यांची. त्यांना जेवण लागतं, झोपायला जागा लागते, आणि काम काय करायचं ते विचारत ते दमलेल्या डॉक्टरमागे फिरतात. पथकाबरोबरच जा. आपलं पाणी, कोरडा शिधा, अंथरूण घेऊन जा, निघण्याआधी स्वतः धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या. पहिल्या दिवशी पोचता आलं नाही म्हणून हळहळू नका. पहिल्या दिवशी माणसं शेजारीच काढतात. भचाऊलाही तसंच झालं होतं. बाहेरच्या माणसाची गरज दुसऱ्या दिवसापासून पुढे कितीतरी आठवडे असते.

आणि भूकंपाची वाट न बघता आत्ताच शिका. रेड क्रॉस आणि नागरी संरक्षण दल प्रथमोपचाराचे वर्ग घेतात, आपदा मित्र म्हणून सरकारी प्रशिक्षणही असतं. बडोद्याजवळ असाल तर जरोदला एनडीआरएफची, म्हणजे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची, सहावी बटालियन आहे. आमच्या वेळी हे दल नव्हतंच, ते २००६ साली उभं राहिलं.

परत आल्यावर मला दोन महिने झोप नीट लागली नाही. तुम्हालाही कदाचित असं होईल. घरी आधी सांगून ठेवा, आणि बरोबर गेलेल्या माणसांशी भेटत राहा. आई आणि मी रात्री स्वयंपाकघरात बसून बोलायचो, त्यानेच मी सावरले.

वही नेताना जाड पुठ्ठ्याची न्या, पाठीला बांधता येईल अशी पिशवी घ्या, आणि पेनावर विसंबू नका. थंडीत आणि धुळीत बॉलपेन बंद पडतं, शाईचं अक्षर सलाईनच्या ओलीने पसरतं. साध्या शिसपेन्सिली न्या, डझनभर, आणि टोक करायला दोन शार्पनर. माझी भचाऊची वही दोनदा भिजलेली आहे, पण पेन्सिलीतलं प्रत्येक नाव आजही वाचता येतं.