एजंटाचा परवाना आणि सावकाराचं खरेदीखत

प्रश्न : होडीच्या इंजिनासाठी १ लाखाचं कर्ज हवंय. गावात येणारा एजंट 'आमच्याकडे परवाना आहे' म्हणतो, १८ टक्के फ्लॅट व्याज सांगतो आणि फाइलचे ३,००० रुपये आधी जीपेवर मागतो. काय तपासावं? (देवगड)

उत्तर : एजंटाच्या परवान्यामागे लागू नका, कर्ज जुळवून देणाऱ्यासाठी आपल्याकडे वेगळा परवानाच नाही. तो लागतो पैसे देणाऱ्याला. करारावर नाव कोणाचं, ते विचारा. वित्त कंपनी असेल तर पूर्ण नाव रिझर्व्ह बँकेच्या यादीत अक्षरन् अक्षर जुळवा. मिळत्याजुळत्या नावांवरच फसगत होते. मग शाखेत फोन करून माणूस त्यांचाच ना, याची खात्री करा. नंबर एजंटाकडून घेऊ नका.

३,००० मुळीच देऊ नका. प्रोसेसिंग फी सहसा कर्जाच्या रकमेतूनच वळती होते.

खरी मेख 'फ्लॅट'मध्ये आहे. १२ हप्त्यांत व्याज १८,०००, हप्ता ९,८३३. मुद्दल दरमहा फिटत जातं, व्याज मात्र पुऱ्या लाखावर. म्हणजे घटत्या शिलकीवर दर सुमारे ३२ टक्के. त्यात ३ टक्के फी आणि जीएसटी मिळून ३,५४० कापले, की तोच ३९. हे गणित तुम्हाला करायला नको : १ ऑक्टोबर २०२४ पासून सहीआधी 'की फॅक्ट स्टेटमेंट' (कर्जाच्या अटी आणि खर्च मांडलेला तक्ता) देणं बंधनकारक आहे. त्यातली 'एपीआर'ची, म्हणजे फी वगैरे धरून पडणाऱ्या वार्षिक दराची ओळ वाचा. त्यात नसलेला आकार तुमच्या संमतीशिवाय लावता येत नाही.

प्रश्न : सावकाराने शेकडा ३ रुपये महिना व्याजाने पैसे दिले आणि कलमांच्या बागेचं 'नावापुरतं' खरेदीखत करून घेतलं. आता ताबाही त्याचाच. बाग सुटेल का? (गुहागर)

उत्तर : सुटू शकते. वर्षाला ३६ टक्के झाले. शेतकऱ्याच्या तारणी कर्जाला ठरवून दिलेला दर ९, विनातारण १२. चक्रवाढ चालत नाही, आणि एकूण व्याज मुद्दलाच्या वर जाऊ शकत नाही. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ च्या कलम १८ खाली जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे अर्ज करा. व्यवहार १५ वर्षांच्या आतला हवा.

अडतं ते पुराव्यापाशी. खतातली किंमत आणि खात्यात आलेली रक्कम यांतली तफावत, व्याजाच्या जीपे नोंदी, साक्षीदार हे सगळं जोडा. दुय्यम निबंधकाकडून सूची क्रमांक २ (नोंदवलेल्या खताचा गोषवारा) काढून त्याच सावकाराने इतरांकडूनही अशी खतं घेतलीत का, तेही पाहा. हा पुरावा फार वजनदार ठरतो. परवाना आहे का, हे तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे कळेल. नसेल तर ५ वर्षांपर्यंत कैद किंवा ५०,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.