कधी सुरू होणारी, कधी अडणारी मोटारसायकल
बटण दाबल्यावर गाडी कधी लगेच सुरू होत असेल आणि कधी अजिबात दाद देत नसेल, तर कोणताही भाग बदलण्यापूर्वी ती नेमकी केव्हा अडते, इंजिन गार होते की तापलेले आणि आवाज कोणता आला, हे आठवडाभर वहीत लिहून ठेवा. नुसता ‘टक्’ असा आवाज येत असेल, तर दोष बहुधा बॅटरीत, रिलेत (स्टार्टरला वीज जोडणाऱ्या स्विचमध्ये) किंवा जोडण्यांत असतो. काहीच आवाज नसेल, तर क्लचचा आणि साइड स्टँडचा स्विच आधी पाहा. स्टार्टर जोरात फिरत असेल, तर स्पार्क प्लग आणि पेट्रोलकडे वळा.

पूर्ण चार्ज झालेली १२ व्होल्टची बॅटरी गाडी बंद असताना मल्टिमीटरवर सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. मात्र सर्वाधिक फसवते ती अर्थिंगची, म्हणजे बॅटरीचे ऋण टोक गाडीच्या सांगाड्याला जोडणारी वायर, कारण आपल्या बीड-परभणीकडच्या खडबडीत रस्त्यांवर हादऱ्यांनी तिचा बोल्ट किंचित सैल होतो, फटीत धूळ बसते आणि पहिल्या पावसात गंज चढतो. मी स्वतः नवी बॅटरी विकत घेतल्यानंतर दोष त्या बोल्टखाली सापडला. तो खर्च तुमचा वाचावा, अशी माझी मनापासून इच्छा आहे. बॅटरीची ऋण वायर प्रथम सोडवून त्या बोल्टखालची जागा पॉलिश पेपरने चकचकीत घासा.

मे महिन्याच्या उन्हात लांब चालल्यावरच गाडी अडत असेल आणि पेट्रोल टाकीचे झाकण उघडताच सुरू होत असेल, तर झाकणातील हवेचे छिद्र धुळीने बुजले आहे, असे समजावे.