"मी कुठली मोठी लेखिका?" हा प्रश्न सस्पेन्समध्ये टाका

जून-जुलै आला, म्हणजे दिवाळी अंकांना साहित्य पाठवायचे दिवस आले, की ठाण्यात, नौपाड्यातल्या माझ्या समुपदेशनाच्या कन्सल्टिंग रूममध्ये एक तक्रार हमखास वाढते. परवा पाचपाखाडीचे रिटायर्ड काका, त्याआधी कळव्याची इंजिनीअरिंगला असलेली मुलगी, त्याआधी घोडबंदर रोडच्या एक शिक्षिका. येतात झोप लागत नाही म्हणून, चिडचिड होते म्हणून, आणि मग तिसऱ्या-चौथ्या वेळी पिशवीतून वही निघते. "लिहिते हो थोडंफार, पण मी कुठली मोठी लेखिका, उगाच आपलं." हे "उगाच आपलं" इतक्यांदा ऐकलंय की एकदा नीट लिहूनच टाकावं म्हटलं. त्यासाठी एकीची गोष्ट सांगते. तिची परवानगी घेतलीय आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत.

वय एक्केचाळीस, वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत अकाउंट्सला. घरी नवरा, मुलगा, सासूबाई. सहा वर्षांपूर्वी तिची एक कथा छोट्याशा दिवाळी अंकात छापून आली, चार जणांचे फोन आले, नणंदेने फोटो काढून स्टेटसला ठेवला. आणि तेव्हापासून तिने एकही कथा पुरी केली नाही. सुरुवाती मात्र सतरा, सगळ्या मोबाइलच्या नोट्समध्ये, कुठे पानभर, कुठे चारच ओळी.

"मॅडम, मला इम्पोस्टर सिंड्रोम आहे," पहिल्याच दिवशी म्हणाली. रीलमध्ये बघितलं होतं. हे आता फार ऐकू येतं म्हणून सांगते, हा आजार नाहीये. १९७८ साली पॉलिन क्लान्स आणि सुझान आयम्स या दोघी मानसशास्त्रज्ञांनी दीडशेहून जास्त यशस्वी स्त्रियांबरोबर काम करताना जे दिसलं ते मांडलं, की पदव्या, पद, मान सगळं असून या बायकांना आतून वाटत राहतं आपण लोकांना फसवतोय आणि एक दिवस पकडले जाणार. त्यांनी सिंड्रोम हा शब्दसुद्धा वापरला नव्हता, एक अनुभव म्हणून लिहिलं होतं. पण एकदा आजाराचं लेबल लागलं की माणूस बरं होण्याची वाट बघत बसतो आणि वही तशीच बंद राहते.

इथे माझी एक चूक सांगते, कारण घरातली माणसंही प्रेमापोटी हीच करतात. मी तिची छापून आलेली कथा घरी नेऊन वाचली. मला खरंच आवडली, एका म्हाताऱ्या पोस्टमनची होती. पुढच्या वेळी तिला मनापासून सांगितलं, काय काय आवडलं ते. ती हसली, थँक्यू म्हणाली आणि पुढचे दोन आठवडे आलीच नाही. नंतर आली तेव्हा मी विचारलं, काय झालं गं?

"ताई, राग मानू नका, पण कौतुक माझ्या लायबिलिटी साइडला पडतं. तुम्ही चांगलं म्हणालात ना, आता पुढची कथा तेवढीच चांगली झाली पाहिजे. फेडायचं कशातून?"

बावीस वर्षं हे काम करतेय, पण कौतुकाचं असं कर्ज होतं हे इतकं स्वच्छ मला कोणी सांगितलं नव्हतं. तोवर मी धरून चालले होते की स्वतःबद्दल शंका असलेल्याला चार चांगले शब्द मिळाले की उभारी येते. येते की, पण दोन दिवस. कारण चांगलं म्हणा की वाईट, दोन्हीकडे तिला मार्कच मिळत होते. तिला, कथेला नाही. गाठ तिथे होती.

मग तिने आठवीतलं सांगितलं. निबंध तपासून मराठीच्या बाई सगळ्या वर्गासमोर म्हणाल्या होत्या, कुणाकडून लिहून घेतलास? सांगताना तिचे डोळे भरून आले, आणि ते लागलेलं खरंच आहे, मी ते हलक्यात घेतलं नाही. पण मी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विचाराने काम करते, आपल्याकडे कि. मो. फडके सरांनी जो विचार मराठीत रुजवला तो, आणि त्यात जुन्या जखमेपाशी फार वेळ बसून राहत नाहीत. म्हणून मी विचारलं, "बाई किती वेळा म्हणाल्या?"

"एकदाच."

"आणि नंतरची सत्तावीस-अठ्ठावीस वर्षं रोज कोण म्हणतंय?"

बराच वेळ गप्प बसली. मग पर्समधून रुमाल काढला.

एलिस यांची स्वतःची गोष्ट मी तिला तेव्हाच सांगितली. तरुणपणी त्यांना लेखक व्हायचं होतं. अठ्ठाविसाव्या वर्षापर्यंत वीसहून जास्त हस्तलिखितं लिहून झाली होती आणि एकही छापली गेली नाही. १९५५ मध्ये ज्यांनी स्वतःची उपचारपद्धती उभी केली, पुढे पुस्तकांवर पुस्तकं लिहिली, त्या माणसाच्या कपाटात हा एवढा गठ्ठा पडून होता.

ठाण्याच्या मराठी ग्रंथ संग्रहालयात, १८९३ पासूनचं आपलं हे ग्रंथालय, ती पूर्वी दर शनिवारी जायची. ते बंद केलं होतं. कपाटं बघून छातीत धस्स होतं म्हणे, एवढं सगळं लिहून झालंय, त्यात आपण काय दिवे लावणार. मी तिला तिथेच पाठवलं, गृहपाठ म्हणून. जुने दिवाळी अंक माग, ज्या वर्षीचे मिळतील त्या, अनुक्रमणिका वाच आणि ज्यांची नावं माहीत नाहीत त्यांच्या तीन कथा वाच. १९०९ मध्ये 'मनोरंजन'ने दिवाळी अंकाची प्रथा पाडली तेव्हापासून किती माणसांनी यात लिहिलं असेल, आपल्याला त्यातली किती ठाऊक आहेत? ती येऊन म्हणाली, "अर्ध्याहून जास्त नावं कधी ऐकली नव्हती. तीनपैकी दोन कथा फार आवडल्या ताई. एक तर डोक्यातून जाईना." आणि मग हळूच, "त्या बाई मोठ्या लेखिका होत्या की नाही, हे मी बघितलंच नाही." मी काही बोलले नाही, तिचं तिलाच ऐकू गेलं होतं.

खरा दिवस आला एप्रिलमध्ये. इयर एंडिंगने दमून आली होती. सांगत होती, ट्रायल बॅलन्स टॅली होत नव्हता, म्हणजे जमा आणि नावे या दोन बाजूंची बेरीज जुळत नव्हती, थोडक्या रकमेचा फरक सापडत नव्हता, रात्रीचे साडेनऊ झाले. मी सहज विचारलं, मग काय करता तुम्ही लोक?

"काय करणार, फरक सस्पेन्स अकाउंटला टाकायचा आणि पुढचं काम चालू ठेवायचं. चूक सापडली की तिथून काढायचं."

"फरक सापडेपर्यंत ऑफिस बंद नाही ठेवत?"

"छे! बिलं कोण करणार मग?" बोलता बोलता थांबली. मी लेखिका आहे का, हा तो न सापडणारा फरक आणि त्यासाठी सहा वर्षं दुकान बंद, हे तिच्या तिच्याच लक्षात आलं. पण ती पक्की अकाउंटंट, तिने लगेच अडवलं. "ताई पण फायनल क्लोजिंगला सस्पेन्स शून्य करावंच लागतं."

"बरोबर. माणसाचं फायनल क्लोजिंग कधी असतं?"

पंखा फिरत होता, खाली रिक्षावाल्याची कुणाशी तरी बाचाबाची चालली होती. ती माझ्याकडे बघत राहिली आणि मग हसायलाच लागली, इतकी की पाणी प्यायला लागलं. "म्हणजे मी जिवंत आहे तोवर माझी वही क्लोज होतच नाही!" तो क्षण आठवला की मला आजही बरं वाटतं. हीच गोष्ट मी तिला कितीदा माझ्या शब्दांत सांगितली असेल, माणूस पूर्ण झालेला नसतो, त्याची एकूण किंमत काढताच येत नाही, काढायची ती केलेल्या कामाची, एकेका कामाची. ते सगळं तिने मान हलवत ऐकलं होतं. पटलं मात्र तिच्या टेबलावरच्या शब्दात आलं तेव्हा.

तर ज्यांची वही पिशवीतच राहते त्यांना हे सांगायचंय. शंका दोन जातीच्या असतात. हे वाक्य लांबलंय का, शेवट गुंडाळलाय का, ही शंका लिहिणाऱ्याचं हत्यार आहे, ती ठेवा, धार लावून ठेवा. मी लायक आहे का, या शंकेला उत्तरच नाही, कारण लायकी मोजायची पट्टी कुणाकडेच नाही, संपादकाकडे नाही, बक्षीस देणाऱ्यांकडे नाही. ही दुसरी शंका जाण्याची वाट बघू नका. ती शेजारी बसलेली असतानाच वीस मिनिटं लिहा, रोज. आणि महिन्यातून एकदा काहीतरी अर्धवट, कच्चं, मुद्दाम कुणाला तरी वाचून दाखवा. पोटात गोळा येईल, येऊ दे. आणि वाचून झाल्यावर "कसं वाटलं" विचारू नका, "कुठे अडखळलात" विचारा, त्याचं उत्तर कथेबद्दल मिळतं. हां, लिहिण्याबरोबर जेवण, झोप, माणसं सगळंच नकोसं झालं असेल तर मात्र हे पुरणार नाही, मानसोपचारतज्ज्ञांना भेटा किंवा सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा.

तिने सासूबाईंना वाचून दाखवलं. सासूबाई मेथी निवडत होत्या. कथेतली बाई सकाळी उठून छोल्यांचा कुकर लावते आणि शिट्ट्या मोजता मोजता घर सोडायचं ठरवते, असा प्रसंग. वाचून झाला तरी सासूबाई काहीच बोलेनात. हिचा जीव वरखाली. शेवटी जुडी बाजूला ठेवून म्हणाल्या, "अगं, तिने रात्री चणे भिजत घातलेच नाहीत. न भिजवता तीन शिट्ट्यांत शिजतात का कधी?"

"ताई, मला इतकं छान वाटलं," ती मला सांगत होती. "त्यांनी चणे बघितले. मला नाही बघितलं." तिने आदल्या रात्रीचा प्रसंग नव्याने लिहिला, त्या बाईने अंधारात चणे भिजत घातले, आणि त्याने कथाच बदलली, कारण आता तिला रात्रीच माहीत होतं की सकाळी आपण इथे नसणार, तरी तिने घरच्यांसाठी चणे भिजवले.

ती कथा तिने जुलैमध्ये पाठवली. ऑगस्टच्या शेवटी आली तेव्हा मुलाच्या शाळेचं बोलली, ऑफिसात नवीन सॉफ्टवेअर आलंय त्याचं बोलली. उठून छत्री घेतली, दारापर्यंत गेली आणि तिथून म्हणाली, "हो, ती कथा साभार परत आली बरं का. दुसरीकडे पाठवलीय." आणि मग दारातच उभी राहून, ओली छत्री हातात, पोस्टमनच्या कथेत त्याची बायको कशी राहूनच गेली होती आणि आता ती कशी लिहायला घेतलीय, ते सांगायला लागली. बाहेर पुढचे पेशंट येऊन बसले होते. मी तिला थांबवलं नाही.