आधी तिची वही परत द्या

प्रश्न : मुलगी बारावी सायन्सला आहे. सोलापुरात आमच्याकडे चार-पाच दिवसांनी पाणी सुटतं. मोठ्या शहरांतले पाइप कधी फुटतील याचा अंदाज बांधायला शिकायचं म्हणून तिला सिव्हिल हवंय. आम्ही पुण्यात कॉम्प्युटर ठरवलंय. तिला समजवा. – एक पालक

उत्तर : तुमच्या पत्रात शेजाऱ्यांचा पुण्यातला मुलगा चार वेळा आलाय, त्याचं पॅकेज दोनदा. मुलीचे गणिताचे मार्क एकदाही नाहीत. शिवाय तक्रारीच्या सुरात लिहिलंय, ‘अभ्यास सोडून गल्लीतली लिकेजं तारखेसह वहीत लिहीत बसते, म्हणून वही काढून घेतली.’ ती वही आजच परत द्या. या विषयात तीच गोष्ट मिळत नाही. पाइप कुठल्या साली टाकला, कशाचा, आधी कुठे फुटला, हे पुष्कळदा कागदावर नसतं, चावी सोडणाऱ्याच्या डोक्यात असतं.

‘हे काम शेवटी कॉम्प्युटरच करणार,’ असं तुम्ही म्हणता. त्याला नुसतं वय दिलंत तर तो जुने पाइप आधी बदला म्हणेल. पण जुने बिडाचे पाइप जाड असत. त्यातले कित्येक शंभरी गाठतात आणि नंतरचे पातळ आधी जातात. त्यात नोंदी सुरू होण्याआधीच फुटून बदललेले पाइप हिशेबात येत नाहीत, त्यामुळे उरलेले आहेत त्याहून दणकट वाटतात. आपली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि पाइपाला पिळते. पाणी सोडून-बंद करून दाबाचे हिसके बसतात ते वेगळेच. हे ठाऊक नसलेल्याचं मॉडेल, म्हणजे कॉम्प्युटरवर मांडलेलं अंदाजाचं गणित, दिसायला छान, कामाला शून्य. आणि मॉडेल ‘हा पाइप मंगळवारी फुटेल’ असं सांगतही नाही. कुठल्या भागात धोका जास्त, आधी कुठे खोदावं, एवढंच सांगतं.

सीईटी, कॅप राउंड नेहमीप्रमाणे. सिव्हिल घेतलं तर संख्याशास्त्र सोडू नये. रुग्ण किती काळ जगतील हे काढायचं गणितच इथे पाइपांना लावतात. बीएस्सी संख्याशास्त्रातूनही इकडे येता येतं. सुरुवातीचा पगार शेजारच्या मुलापेक्षा बहुधा कमी असेल, हे लपवत नाही.

तिला मी समजावणार नाही. पुढचं पत्र तिनं लिहावं, वहीतल्या दहा नोंदींसह. पाणी सुटल्यावर किती वेळानं फुटलं, हेही टिपलं असेल तर जरूर कळवावं.