कॅल्शियमच्या गर्दीतून शिसे कसे वेचले जाते?

प्रश्न : पाण्याचा कठीणपणा घालवणाऱ्या सॉफ्टनरमधले रेझिन कॅल्शियम पकडते, मग तेच रेझिन शिसे आणि आर्सेनिकही पकडेल का? काही रेझिने ठरावीक धातूच निवडून काढतात असे म्हणतात, ते कसे?

उत्तर : शिसे काही प्रमाणात पकडेल, पण त्यावर विसंबून राहता येणार नाही, आर्सेनिक मात्र मुळीच पकडणार नाही. सॉफ्टनरमधले रेझिन म्हणजे बारीक पिवळसर मणी. ते पॉलिस्टायरीन या प्लास्टिकचे असतात आणि त्याच्या साखळ्या डायव्हिनाइल बेंझिनने एकमेकींना जोडलेल्या असल्यामुळे ते पाण्यात फुगतात, विरघळत नाहीत. साखळ्यांवरचे ऋणभारित सल्फोनिक गट (अणूंचे समूह) सोडियम सोडून कॅल्शियम धरतात. त्यांना शिशाची ओढ कॅल्शियमपेक्षा थोडी जास्तच असते, पण अडचण संख्येची आहे. समजा, लिटरभर पाण्यात 80 मिलिग्रॅम कॅल्शियम आणि 0.05 मिलिग्रॅम शिसे आहे. हे शिसे जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक मूल्याच्या पाचपट झाले, तरीही त्याच्या एकेका आयनामागे कॅल्शियमचे आठ हजारांवर आयन असतात आणि बहुतेक जागा तेच अडवतात.

म्हणून मणी तोच ठेवून त्यावरचा गट बदलतात. इमिनोडायअ‍ॅसेटेट गटात एक नायट्रोजन आणि दोन कार्बोक्सिलेट असतात. तांबे किंवा शिशाच्या आयनाला ते तिन्ही बाजूंनी चिमट्यासारखे धरतात, तर कॅल्शियमवरची त्यांची पकड बरीच सैल असते. पाऱ्यासाठी गंधकयुक्त थायॉल गट वापरतात. रसायनशास्त्रज्ञ राल्फ पीअरसन यांनी 1963 मध्ये मांडलेल्या तत्त्वानुसार पाऱ्यासारखे ‘मृदू’, म्हणजे ज्यांचा इलेक्ट्रॉनांचा ढग सहज वाकतो असे, आयन गंधकाशी घट्ट जुळतात आणि कॅल्शियमसारखे ‘कठोर’ आयन त्याच्या वाटेला फारसे जात नाहीत. तरीही ‘फक्त एकच धातू’ हा दावा मी जपूनच घेईन, कारण इमिनोडायअ‍ॅसेटेट रेझिनवर तांबे शिशालाही मागे सारते.

ही निवड पाण्याच्या सामूवरही (pH) अवलंबून असते. सामू 2च्या खाली गेला की हायड्रोजन आयन गटांचा ताबा घेतात आणि धातू सुटतो. रेझिन पुन्हा वापरण्याजोगे करताना याच गुणाचा उपयोग करून ते आम्लाने धुतात. शिशासाठी मात्र सल्फ्युरिक आम्ल टाळावे, नाहीतर न विरघळणारे लेड सल्फेट मण्यांच्या छिद्रांतच साचते. जाहिरातींत सहसा न सांगितली जाणारी गोष्ट अशी, की धुतलेल्या आम्लात सगळा धातू एकवटलेला असतो आणि त्याची विल्हेवाट वेगळी लावावीच लागते.

आर्सेनिक पाण्यात धनभारित आयन म्हणून वावरतच नाही. ते आर्सेनेट आणि आर्सेनाइट या दोन रूपांत आढळते. आर्सेनेट ऋणभारित असते, म्हणून त्यासाठी लोहाच्या ऑक्साइडचे सूक्ष्म कण भरलेले, ऋणभारित आयन पकडणारे रेझिन वापरतात. आर्सेनाइटवर नेहमीच्या सामूला भारच नसल्यामुळे आधी क्लोरीनसारख्या ऑक्सिडीकारकाने त्याचे आर्सेनेट करून घ्यावे लागते.