ॲरो कुठून निघतो, ते आधी पाहा

तुझा प्रश्न असा, की इथीन आणि एचबीआर (हायड्रोजन ब्रोमाइड) यांच्या मेकॅनिझममध्ये, म्हणजे रिॲक्शन पायरीपायरीने कशी घडते ते दाखवताना, तू एचपासून डबल बाँडकडे ॲरो काढलास, प्रॉडक्ट बरोबर आलं, तरी मॅडमनी मार्क का कापले? मॅडमचं बरोबर आहे. ही सवय आत्ताच मोड, नाहीतर पुढे कार्बोनिलला, म्हणजे कार्बन-ऑक्सिजन डबल बाँडच्या रिॲक्शनना, फार त्रास होईल.

वाकडा ॲरो अणूचा प्रवास दाखवत नाही, इलेक्ट्रॉनच्या जोडीचा दाखवतो. एच जाऊन कार्बनला चिकटतो हे डोक्यात असतं, म्हणून हात एचपासून सुरू होतो. पण इथे देण्यासारखे इलेक्ट्रॉन डबल बाँडकडे आहेत. म्हणून पहिला ॲरो पाय बाँडच्या (डबल बाँडमधल्या दुसऱ्या, कमी घट्ट बाँडच्या) मधून निघतो आणि एचवर टेकतो. एचला दोन बाँड पेलत नाहीत, तेव्हा त्याच वेळी दुसरा ॲरो एच-ब्रोमीन बाँडमधून ब्रोमीनवर. आता एका कार्बनवर प्लस, ब्रोमाइडवर मायनस. चार्जची बेरीज आधी शून्य होती, आताही शून्य. ही बेरीज प्रत्येक पायरीला करायचीच. तिसरा ॲरो ब्रोमाइडच्या लोन पेअरपासून (बाँडमध्ये न गुंतलेल्या जोडीपासून) प्लस कार्बनवर.

इथीनचे दोन्ही कार्बन सारखे, म्हणून तुझी चूक झाकली गेली. प्रोपीन घे. पाय बाँडपासून ॲरो काढलास की लगेच प्रश्न पडतो: जोडी कोणत्या कार्बनने एचला दिली आणि उघडा कोण पडला? एच टोकाच्या कार्बनवर गेला तर प्लस मधल्या कार्बनवर येतो, त्याला दोन्हीकडून कार्बनचा आधार मिळतो. म्हणून मुख्यतः 2-ब्रोमोप्रोपेन. मार्कोव्हनिकोव्हचा नियम (ज्या कार्बनवर आधीच जास्त एच, त्यालाच नवा एच) पाठ करायची गरजच उरत नाही.

आता त्यातच पेरॉक्साइड टाक. तेच प्रोपीन, तोच एचबीआर, पण मिळतं 1-ब्रोमोप्रोपेन, कारण आता इलेक्ट्रॉन एकेकटे हलतात. तिथे अर्ध्या टोकाचा ॲरो, म्हणजे फिशहुक. ब्रोमीन रॅडिकलचा (एकटा इलेक्ट्रॉन असलेल्या ब्रोमीन अणूचा) एक इलेक्ट्रॉन आणि पाय बाँडमधला एक टोकाच्या कार्बनपाशी जुळतात, पाय बाँडमधला दुसरा मधल्या कार्बनवर राहतो. पूर्ण टोक आणि अर्धं टोक यांत इतका फरक आहे, वहीत ते घाईने काढू नकोस.

वाकड्या ॲरोची ही पद्धत केरमॅक आणि रॉबिन्सन यांच्या 1922 च्या पेपरपासून सुरू झाली. साथीच्या रोगांच्या गणिती मॉडेलमधला 1927 चा केरमॅक तो हाच, मला याचं फार अप्रूप वाटतं.

तू ऐरोलीचा, मी शेजारी रबाळे एमआयडीसीत प्रोसेसमध्ये. बॅचमध्ये अनोळखी इम्प्युरिटी दिसली, की मास स्पेक्ट्रमवरून (रेणूचं वजन दाखवणाऱ्या चाचणीवरून) संभाव्य स्ट्रक्चर काढून आम्हीही बोर्डवर ॲरोच काढत बसतो: कोणत्या लोन पेअरने कुठे हल्ला केला असेल? पाणी, सॉल्व्हंट, बेस, सगळे संशयित. तेव्हा हे फक्त परीक्षेपुरतं समजू नकोस.

आज अमोनिया आणि अमोनियम शेजारी काढून सगळ्या लोन पेअर मांड. अमोनियाच्या नायट्रोजनपासून ॲरो निघेल. अमोनियमच्या नायट्रोजनपासून नाही, त्याची जोडी बाँडमध्ये गेली आहे. मग ॲसिटाल्डिहाइडवर हायड्रॉक्साइडचा हल्ला काढून फोटो टाक, बघतो.