पडीत म्हणजे पडीत

प्रिय भाऊ,

सलाम. परवा तू पाऊण तास बसलास आणि तेवढ्यात तुझा फोन अकरा वेळा वाजला. मी मोजत होतो. नऊ वेळा तू उचललास. त्यातला एक फोन हॉलची किल्ली कोणाकडे आहे एवढं विचारायला होता. काकूने ठेवलेल्या चहावर साय धरली. खरं जे विचारायचं होतं ते तू दारात चपला घालताना विचारलंस : "साहेब, चर्चची कमिटी सहा महिन्यांची रजा द्यायला तयार आहे. घेऊ का? की लोक म्हणतील, पाळक पळाला?"

तुझी बस निघायची होती म्हणून तेव्हा गप्प बसलो. आता लिहितो.

घे. आणि घ्यायची तर पुरी घे. पडीत म्हणजे पडीत.

तुला पाचारण आहे की नाही, प्रभू तुझ्याबरोबर आहे की नाही, याची उजळणी मी करत बसणार नाही. ते तुला माझ्याइतकंच ठाऊक आहे. मला राग आला तो तू खिशातून काढलेल्या त्या कागदाचा. सहा महिन्यांत एम.टीएच.चे, म्हणजे धर्मशास्त्राच्या वरच्या पदवीचे, दोन पेपर ऑनलाइन, रविवारी शेजारच्या तालुक्यात उपदेश, मननाची एक पुस्तिका, आणि महिन्यातून एकदा "फक्त वडील मंडळाची", म्हणजे मंडळीच्या कारभारी वडीलधाऱ्यांची, "मीटिंग". याला रजा म्हणतात होय? शेत पडीत ठेवतो असं गावभर सांगायचं आणि रात्री जाऊन मूग-उडीद टाकून यायचं, बांधाला तूर लावायची, असला हा प्रकार. शेतकऱ्याचा मुलगा ना तू?

बायबलातल्या लेवीय 25 वर तू माझ्यासमोरच उपदेश केला होतास, चांगला केला होतास. सहा वर्षं पेर, सातव्या वर्षी जमिनीला शब्बाथ, म्हणजे विसावा. पण पाचवं वचन तू घाईत ओलांडलंस. पेरू नको एवढ्यावर ते थांबत नाही. जे आपोआप उगवेल त्याचीही कापणी करू नको, असं तिथे आहे. म्हणजे रजेत पहाटे उठल्यावर एखादा झकास मुद्दा सुचला, आणि सुचणारच, तरी तो वहीत उतरवायचा नाही. उगवू दे, वाळू दे, गळून मातीत जाऊ दे. आपल्या पेशाला हे सगळ्यात जड जातं. आपण पोराचं पहिलं पाऊल बघतो आणि मनात रविवारचा दृष्टांत तयार होतो.

माझा मेहुणा चोपडा तालुक्यात केळी करतो. पहिल्या बागेचा घड उचलायला दोन माणसं लागतात. मग बुंध्याजवळचं पील राखायचं, त्याची पीलबाग. खर्च कमी, येतेही लवकर. माणसाला हाव सुटते, तो तिसऱ्यांदाही पील राखतो. तेव्हाचा घड पोरगं खांद्यावर टाकून पळत जातं, आणि व्यापारी गाडीतून न उतरताच नाही म्हणतो. भाऊ, वाईट वाटून घेऊ नको, पण गेल्या गुड फ्रायडेला प्रभूच्या वधस्तंभावरच्या चौथ्या वाक्यावर तू बोललास ते तिसऱ्या पिलाचं होतं. ती आगगाडीची गोष्ट आम्ही तिसऱ्यांदा ऐकली. मंडळीने मान हलवली, कारण मंडळी तुझ्यावर प्रेम करते. मी मात्र तुझ्याकडे बघत होतो. डोळ्यांत कोणी नव्हतं.

मला हे ओळखता येतं, कारण मीही तिथे उभा राहिलो आहे.

1994 मध्ये मीही सहा महिन्यांची रजा घेतली होती. अर्धी. पगार चालू, राहायला तोच कंपाउंडमधला बंगला, आणि "अगदी अडलं तरच" बोलवायचं असं ठरलेलं. अडलं नाही असा दिवस उगवला नाही. कोणाचं लग्न मोडायला आलं, कोणाचा मुलगा दारू पिऊन पडला, कोणाला नव्या पाळकाची प्रार्थना "लागत" नाही. लोक ओशाळून यायचे, "साहेब, तुम्ही रजेवर आहात, माहीत आहे, पण..." म्हणायचे, आणि त्या "पण"ने मला बरं वाटायचं. हे तुझ्याजवळ कबूल करतो. माझ्यावाचून अडतं याची मला नशा होती. आणि तुझी काकू त्या सहा महिन्यांत रोज तेवढाच चहा करत होती. रजा माझी होती, तिची नव्हती.

मुलगा तेव्हा दहावीला गेला होता. शाळा सुरू व्हायच्या आत त्याला तोरणमाळला नेतो म्हणालो होतो, यशवंत तलावाकाठी दोन दिवस. बॅग व्हरांड्यात भरून ठेवलेली होती. सकाळी साडेसहाला एका घरचे भांडण घेऊन आले. मी म्हटलं, दहा मिनिटं. दुपारी एकला उठलो तेव्हा बॅग आत गेलेली होती, आणि त्याने त्यावर कधी एक शब्दही काढला नाही. आज तो पुण्यात आहे. दर रविवारी सकाळी दहाला न चुकता फोन करतो. दहाला उपासना असते हे त्याला पक्कं माहीत आहे.

असो.

मग 1996 चा मे. आठवड्यात तिसरी माती. आपल्याकडचा मे तुला माहीत आहे, पारा पंचेचाळीसवर, काळी जमीन अशी भेगाळलेली की खड्डा खणायला पहार लागली. मी पुस्तक न उघडता म्हणालो, मातीला माती, राखेला राख, धुळीला धूळ, आणि नाव घेतलं ते मंगळवारी पुरलेल्या माणसाचं. लक्षातही आलं नाही. लोक खाली बघायला लागले तेव्हा कळलं. मयताची बायको, सत्तरीची म्हातारी, माझ्याजवळ आली. आता रडेल किंवा शिव्या देईल असं वाटलं. तिने माझ्या कोपराला धरलं आणि हळूच म्हणाली, "बापू, तू दमी गया रे. घर जाय." नवरा तिचा गेला होता, आणि सांत्वन ती माझं करत होती.

पुढच्या महिन्यात आवाज गेला. आधी घोगरा, मग नुसता वारा. धुळ्याच्या डॉक्टरांनी घशात गाठी आल्याचं सांगितलं आणि सहा आठवडे बोलायचं नाही म्हणून बजावलं. सहा आठवड्यांचे पुढे आठ महिने झाले. 2 इतिहासाचा शेवट आठव. इस्राएलने जमिनीला शब्बाथ दिले नाहीत, म्हणून लोक बंदिवासात बाबेलला गेले आणि मागे जमिनीने सत्तर वर्षं पडून आपला हिशेब वसूल केला. तू दिली नाहीस तर ती घेते. मी दोन वर्षांआधी पुरी रजा घेतली असती तर माझा घसा मध्ये आला नसता.

ते आठ महिने मी मेहुण्याच्या शेतावर काढले. पहिले दोन महिने नरक. काय करायचं कळेना, पाटाच्या पाण्याकडे बघत बसायचो आणि मनात कमिटीशी भांडायचो. तिसऱ्या महिन्यात एक दिवस मेहुण्याने बांधावरून हाक मारली आणि एक रिकामं शेत दाखवलं. काळ्या मातीच्या भेगांत हात कोपरापर्यंत जात होता. तो म्हणाला, उन्हाने भेगा पडतात, वरची माती वाऱ्याने, ढोरांच्या पायाने त्यांत पडते, पावसाने जमीन फुगते आणि खालची माती वर ढकलली जाते. वर्षानुवर्षं असं चाललं की जमीन स्वतःच स्वतःला नांगरते. मी तिथे उकिडवा बसून राहिलो. दृष्टांत म्हणून तो कुठे वापरायचा असं मनात आलंच, लागलीच आलं. पण आवाजच नव्हता, त्यामुळे वापरता आला नाही. आज पहिल्यांदा लिहितो आहे.

आता दुसरी बाजू. ती तू दुसऱ्यांकडून ऐकलीच असशील, म्हणून माझ्याकडूनही ऐक. त्या आठ महिन्यांत मंडळीतली नऊ घरं फुटली आणि वेगळी जमायला लागली. आजही कोणी म्हणतं, पाळक शेतावर केळी खात बसला आणि इकडे कळप पांगला. माझं म्हणणं असं की ते भांडण 1993 पासून धुमसत होतं. रस्त्याकडच्या जागेवर गाळे बांधायचे की नाही, हा वाद होता, वचनाशी त्याचा काही संबंध नव्हता. मी असतो तरी फुटली असती. मी असतो तर उलट जास्त फुटली असती, कारण मी एका बाजूने बोलून बसलो होतो. आणि जी मंडळी एका माणसाच्या घशावर उभी असते तिचं काय सांगायचं? सासरा इथ्रो मोशेला भर छावणीत हेच म्हणाला होता, तू दमशील आणि हे लोकही दमतील. लोकही दमतील! हे कोणी वाचत नाही.

रात्री दोनला जाग येते तेव्हा मात्र वाटतं, नवातली तीन घरं तरी मी जाऊन, ओट्यावर बसून, चहा पिऊन परत आणली असती. वाटतं. तरीही सांगतो, पुरी घे.

लोक काय म्हणतील याची तू फार चिंता करतोस. मिशनरी साहेबांना सहा-सात वर्षांनी फर्लो मिळायची, वर्षभर मायदेशी. माझे वडील सुवार्तिक, सायकलवर गावोगाव हिंडले. साहेबाचं सामान स्टेशनवर पोचवायला तेच जायचे आणि परत येऊन दुसऱ्या दिवशी सायकल काढायचे. साहेब पळाला असं कोणी म्हटलं नाही. हार्वर्डने 1880 मध्ये प्राध्यापकांना सातव्या वर्षाची रजा सुरू केली, आणि तिचा 'सबॅटिकल' हा शब्द आपल्याच शास्त्रातल्या शब्बाथावरून उचलला. जगाने आपलं घेतलं, आपण मात्र लाजतो. गणना 8 मध्ये उपासनेचं काम बघणाऱ्या लेव्यांना पन्नाशीला सेवेतून मोकळं करायला सांगितलं आहे, त्यांनी पुढे भावांना हातभार लावायचा, बस. मी अडुसष्टाव्या वर्षापर्यंत वेदी सोडली नाही. ती निष्ठा होती असं मी लोकांना सांगतो.

रेव्हरंड ना. वा. टिळकांचं उदाहरण मला देऊ नको. 1917 मध्ये त्यांनी मिशनचं काम सोडलं ते 'देवाचा दरबार' ही ख्रिस्तभक्तांची संगत उभी करायला. ती रजा नव्हती, ते आणखी मोठं ओझं होतं. दोन वर्षांत ते गेले. तू टिळक नाहीस, मीही नाही.

आता कामाचं. बाप्तिस्मा, विवाह आणि मृत्यू या तिन्ही वह्या लिहून पुऱ्या कर आणि सही घेऊन सेक्रेटरीच्या ताब्यात दे. शेजारच्या ज्या पाळकाला तुझ्या जागी नेमशील त्याच्याकडे 1872 च्या ख्रिस्ती विवाह कायद्याखालचा लग्न लावायचा परवाना आहे का ते आधी बघ, नाहीतर पहिल्या लग्नाला तुला बोलावणं येईल आणि रजा तिथेच संपेल. प्रभुभोजनाच्या तारखा त्याच्याकडून आत्ताच लिहून घे. उपदेश वडील मंडळाला करू दे. वाईट करतील, करू दे. कापणीच्या सणाचा लिलावही तुझ्यावाचून होतो. भोपळा कितीला गेला हे कळलं नाही म्हणून काही बिघडत नाही. मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून बाहेर पड. "म्यूट करतो" म्हणालास ना, ते चालणार नाही. बाहेर पड. परत कधी येणार ती तारीख व्यासपीठावरून सांग, म्हणजे तुझ्या जागेवर डोळा ठेवून बसलेल्यांनाही हिशेब कळेल. बिनपगारी घेऊ नको, धर्मात्मा व्हायची ही वेळ नाही. रजेत काय केलं याचा अहवाल मागणार नाही असं कमिटीकडून लेखी घे. अहवाल द्यायचा असला की माणूस अहवालापुरतं काहीतरी करतोच.

आणि कंपाउंड सोड. बंगल्यात राहून रजा होत नाही. मी करून बघितलं.

सगळ्यात महत्त्वाचं, पाळकीणबाईला विचारलंस का? परवाच्या पाऊण तासात तिचं नाव एकदाही आलं नाही. महिला मंडळ ती बघते, रविवारची शाळा ती बघते, नाताळच्या नाटकाची दाढी-मिशी ती चिकटवते. तिच्या जागी कोण, हे त्या कागदावर नव्हतं. तिलाही पुरी रजा. नाहीतर तुझी काकू आता जे मला ऐकवते ते तीस वर्षांनी तुला ऐकावं लागेल, आणि तेव्हा तुझ्याकडे उत्तर नसेल. माझ्याकडे नाही.

एम.टीएच. पुढच्या वर्षी कर. पुस्तिका लिहूच नको.

मेहुण्याशी बोललो आहे. मोटारीच्या खोलीशेजारची खोली रिकामी आहे, दोन खाटा, वर पंखा, बाहेर निंब. लाईट दिवसा कधी आणि रात्री कधी, ते पंपाच्या पाळीवर. वांगी हिवाळ्यात येतात तेव्हा भरीत तिथेच भाजता येईल, तुराट्या शेतातल्याच. जूनच्या पहिल्या आठवड्यात या, म्हणजे पेरणीच्या धांदलीत तुमच्याकडे कोणी लक्ष देणार नाही. चोपड्याच्या स्टँडवर तो मोटारसायकल घेऊन येईल, तू फक्त बसची वेळ कळव. शेतावर रेंज येत नाही. पाण्याच्या टाकीवर चढलं की येते, म्हणून त्याला शिडी काढून ठेवायला सांगितलं आहे.

तुझा,
साहेब